पाण्यावर सोडण्याआधी

समुद्राकाठच्या प्रत्येक गावाला आपल्या मुलांबद्दल एक निर्णय करावा लागतो. त्यांना पाण्यापासून लांब ठेवायचे, की पाण्यावर सोडायचे? बहुतेक घरांत हा निर्णय कुणी विचार करून घेत नाही, तो होऊन जातो. मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा बापामागून होडीत चढतो. त्याच गावातल्या शिक्षकाच्या किंवा दुकानदाराच्या घरात मात्र पाण्याकडे फिरकायचे नाही अशी सक्त ताकीद असते. किनारा एकच, पण एका घराला समुद्र म्हणजे धंदा आणि दुसऱ्याला धोका. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर या दोहोंच्या मधून एक तिसरी वाट काढण्याचा प्रयत्न झाला. ज्यांचा समुद्राशी पोटापाण्याचा संबंध नाही अशाही मुलांना होडी, वारा, भरती-ओहोटी यांची ओळख करून द्यायची, आणि तीही हौशी सहलीपुरती न ठेवता जबाबदारीसकट. या प्रयत्नाचे नाव सी स्काउट. त्याचा इतिहास सहसा जहाजांच्या, युद्धांच्या आणि शौर्याच्या गोष्टींतून सांगितला जातो. त्या गोष्टी खऱ्या आहेत, पण चळवळ शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली ती त्यांच्या बळावर नाही. मुलांच्या हाती समुद्र द्यायचा तर मोठ्यांना आधी किती तयारी करावी लागते, हे ती ठेच खाऊन शिकली आणि ती तयारी तिने किनाऱ्यावरच्या साध्या माणसांच्या अंगवळणी पाडली. माझ्या मते तिच्या टिकण्याचे खरे कारण हे आहे, आणि या प्रस्तावनेत तेच मांडायचे आहे.

स्काउट चळवळीचा जन्मच पाण्याच्या वेढ्यात झाला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी पूल बंदरातल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले. त्यात मोठ्या घरांतली, नामांकित शाळांत शिकणारी मुले होती, तशीच पूल आणि बोर्नमथ या जवळच्या गावांतली कष्टकऱ्यांची मुलेही होती. दोन वर्षांनी, १९०९ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी सुमारे शंभर मुलांसाठी दुसरा प्रयोग केला. निम्मी मुले ब्यूली नदीकाठच्या बकलर्स हार्डला तंबूत आणि निम्मी ‘मर्क्युरी’ या प्रशिक्षण जहाजावर, मग अदलाबदल. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. बकलर्स हार्ड हे लाकडी जहाजे बांधणारे जुने गाव. नेल्सनचे ‘ॲगामेम्नॉन’ अठराव्या शतकात तिथेच, न्यू फॉरेस्टच्या ओकचे लाकूड वापरून बांधले गेले. ‘मर्क्युरी’चा कारभार त्या वेळी सी. बी. फ्राय यांच्याकडे होता. आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांना हे नाव रणजितसिंहांचे ससेक्समधले जोडीदार म्हणून ठाऊक असेल. ‘मर्क्युरी’वरची शिस्त करडी होती, कारण तिथली मुले आरमारात किंवा व्यापारी जहाजांवर जाण्यासाठीच घडवली जात. स्काउटची मुले त्याच जहाजावर राहिली, तशाच झोळ्यांत झोपली, पण ती आपखुशीने आली होती आणि आपल्याच वयाच्या टोळीनायकाचे ऐकत होती. जहाज आरमारी वळणाचे आणि कारभार मुलांचा, हा ताण सी स्काउटच्या मुळाशी आहे, आणि पुढच्या सगळ्या वादांची बीजे त्यातच आहेत.

या प्रयोगाला शास्त्राचे रूप दिले ते बेडन-पॉवेल यांच्या थोरल्या भावाने, वॉरिंग्टनने. हा माणूस तरुणपणी आरमारात होता, पुढे सागरी कायद्याचा वकील झाला, आणि शिडाच्या छोट्या होड्या चालवण्यात त्याचा हातखंडा होता. लहानपणी सगळी भावंडे त्याच्याच हाताखाली होडीवर तयार झाली होती. १९१२ मध्ये त्याने मुलांसाठी सी स्काउटिंग आणि नाविकविद्येवर पुस्तक लिहिले. खलाशाचे ज्ञान एरवी वर्षानुवर्षे बरोबर राहून, बोलणी खाऊन, अंगात मुरते. ते लहान लहान पायऱ्यांत मांडता येते, त्या पायऱ्या कुणालाही चढता येतात, असा विश्वास या सगळ्या उद्योगामागे होता. एक साधी गाठ घ्या. दोराच्या टोकाला फास करायचा, पण असा की त्यावर कितीही ताण आला तरी तो आवळत जाऊ नये, घसरू नये, आणि ताण गेल्यावर ओल्या दोरातही बोटांनी सहज सुटावा. खलाशी तिला बोलाइन म्हणतात. पाण्यात पडलेल्या माणसाच्या काखेखालून तिचा फास टाकला तर त्याला वर ओढता येते आणि छाती दाबली जात नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ही गाठ एका संध्याकाळी शिकवता येते. पण ती शिकवणाऱ्याचे काम तिथे संपत नाही. अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, एका हाताने ती बांधता येईपर्यंत पुन्हा पुन्हा बांधून घ्यायची असते. सोपी गोष्ट कठीण वेळीही हातून चुकू नये इतकी पक्की करणे हा सगळ्या सी स्काउट शिक्षणाचा गाभा आहे. शौर्याचा भाग त्यात फार थोडा. सरावाचा बराच मोठा.

सराव आणि देखरेख कमी पडली तर काय होते, हेही त्याच वर्षी जगाला दिसले. लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तीतले एक स्काउट पथक १९१२ च्या उन्हाळी सुट्टीत आरमाराच्या एका जुन्या होडीतून टेम्स नदीने खाली शेपी बेटाकडे निघाले. दाटीवाटीच्या गल्ल्यांत वाढलेल्या या मुलांना समुद्र घरातून मिळालेला नव्हता. ४ ऑगस्टला, रविवारी, लेसडाउनच्या किनाऱ्याजवळ अचानक वाऱ्याचा झोत आला आणि होडी उलटली. पाठीमागून येणारा वारा बाजू बदलतो तेव्हा शीड एका कडेवरून दुसरीकडे झटक्याने फिरते. होडी मोठी, वारा जोराचा आणि हात लहान असले तर सावरायला क्षणही मिळत नाही. पथकाच्या प्रमुखाने पाण्यात पुन्हा पुन्हा बुड्या मारून मुलांना वर काढले, किनाऱ्यावरचे तटरक्षक होडी वल्हवत धावले. तरी नऊ मुले गेली. आठ स्काउट होते आणि नववा ‘अरेथुसा’ या प्रशिक्षण जहाजावरचा मुलगा. सगळी अकरा ते चौदा वर्षांची. त्या वेळी आरमार खात्याचे मंत्री असलेल्या विन्स्टन चर्चिल यांनी शवपेट्या लंडनला आणण्यासाठी ‘फर्व्हंट’ ही विनाशिका दिली. अंत्ययात्रेला दक्षिण लंडनचे रस्ते माणसांनी फुलून गेले, आणि ही मुले नन्हेड दफनभूमीत एकत्र विसावली.

सी स्काउटचा कोणताही इतिहास खरा की खोटा, हे तो लेसडाउनला किती जागा देतो यावरून ओळखावे असे मला वाटते. ही घटना एका ओळीत उरकून पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या डंकर्कच्या पराक्रमाकडे वळणारा लेखक चळवळीला मोठे करत नाही, तिची सगळ्यांत महागाची शिकवण झाकून टाकतो. त्या ऑगस्टमध्ये समाजापुढे दोन सोप्या वाटा होत्या. पहिली म्हणजे हा उद्योगच बंद करणे: शहरातल्या गरीब मुलांना समुद्राची हौस कशाला, असे म्हणून त्यांना गल्लीत परत पाठवणे. दुसरी म्हणजे मृत्यूंना वीरमरण म्हणून गौरवणे आणि काही न बदलता पुढे चालू लागणे. लष्करी इतमामाचा तो अंत्यविधी पाहता दुसऱ्या वाटेचा मोह किती मोठा होता हे कळते. चळवळ पहिल्या वाटेने गेली नाही. दुसऱ्या वाटेवर ती काही काळ रेंगाळली, हे मान्य केले पाहिजे. पण तिथेही ती थांबली नाही. प्रश्न हळूहळू बदलत गेला. मुले किती धाडसी आहेत याऐवजी त्यांना घेऊन जाणारा मोठा माणूस किती तयार आहे, असे विचारले जाऊ लागले.

या बदललेल्या प्रश्नाचे फळ आजच्या नियमांत दिसते. ब्रिटनच्या स्काउट संघटनेत पाण्याचे वर्ग पाडलेले आहेत: शांत तलाव वेगळा, आडोशाची खाडी वेगळी, उघडा समुद्र वेगळा. मुलांना पाण्यावर नेणाऱ्या व्यक्तीकडे त्या प्रकारच्या होडीचा आणि त्या वर्गाच्या पाण्याचा परवाना सहसा लागतो. पोटापाण्यासाठी जन्मभर समुद्रावर राहिलेला माणूसही त्यातून सुटत नाही, कारण स्वतः होडी चालवणे हे एक कौशल्य आहे आणि दुसऱ्याच्या मुलांना चालवू देणे हे दुसरे. अंगावर तरंगजाकीट घातल्याशिवाय होडीत पाऊल टाकता येत नाही. आणि नवशिक्यांकडून होडी मुद्दाम उलटवून घेतात. आडोशाच्या पाण्यात, बचावाची होडी हाताशी ठेवून, मुलांना सांगतात की आता पालथी करा. मुले पाण्यात पडतात, नाकातोंडात पाणी जाते, मग शिकवल्याप्रमाणे आधी एकमेकांची मोजदाद करतात, होडी सोडून किनाऱ्याकडे पोहायचा मोह आवरतात, एक जण होडीच्या तळाच्या फळीवर उभा राहून मागे झोक देतो आणि होडी हळूहळू सरळ होते. लेसडाउनच्या मुलांवर जे पहिल्यांदा आणि शेवटचे कोसळले, ते आजच्या मुलाच्या वाट्याला पहिल्यांदा येते तेव्हा तो तयार असतो, आणि शेजारी त्याला ओळखणारे मोठे माणूस असते. ही व्यवस्था एका वटहुकमाने आली नाही. ती दशकानुदशके, अपघात, चौकश्या आणि अनुभव यांतून साचत आली. म्हणूनच तिचे मोल जास्त आहे.

येथे पहिला मोठा आक्षेप येतो. हे सगळे ठीक, पण सी स्काउट म्हणजे शेवटी आरमारासाठी पोरांची भरतीच ना? आक्षेप पोकळ नाही. साम्राज्याच्या जहाजांना खलाशी मिळावेत हा हेतू सुरुवातीच्या प्रचारात उघड होता. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आरमाराने निवडक पथकांना मान्यता द्यायला सुरुवात केली. अशी सुमारे शंभर पथके आजही आहेत आणि आरमाराचे अधिकारी त्यांची तपासणी करतात. हे नाकारून इतिहास लिहिता येणार नाही. पण हेतू आणि परिणाम वेगळे असू शकतात, म्हणून मुलांनी प्रत्यक्ष काय केले ते पाहिले पाहिजे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू होताच किनाऱ्यावरचे बरेचसे तटरक्षक आरमारात बोलावले गेले आणि त्यांच्या ठाण्यांवर हजारो स्काउट मुले उभी राहिली. त्यांच्याकडे बंदुका नव्हत्या. काम होते पाहण्याचे आणि कळवण्याचे: कोणते जहाज कोणत्या दिशेने गेले, पाण्यावर सुरुंग तरंगताना दिसतो का, रात्री किनाऱ्यावरून कुणी दिव्याने खुणा करते का. पाळ्या लावायच्या, नोंदवही भरायची, सायकलवरून निरोप पोचवायचा. कडाक्याच्या वाऱ्यात, उंच कड्यावर, काहीही घडत नसताना तासन्‌तास जागे राहायचे. याला लष्करी म्हणायचे असेल तर म्हणावे. पण त्यातून जी सवय लागते ती लक्ष देण्याची आणि खरे तेच लिहिण्याची. तीच सवय दीपगृहावर, वेधशाळेत आणि प्रयोगशाळेतही कामाला येते.

हे नुसते तर्काने म्हणायची गरज नाही. १९२१ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन ‘क्वेस्ट’ जहाजातून दक्षिणेकडच्या आपल्या अखेरच्या मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांनी स्काउटमधून दोन मुले निवडली. ऑर्कनी बेटांतल्या नॉर्मन मूनीला बोट इतकी लागली की तो मदेरा बेटावरूनच परत गेला. ॲबरडीनचा जेम्स मार शेवटपर्यंत राहिला, पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ झाला, आणि अंटार्क्टिक समुद्रातल्या क्रिल या इवल्या जिवांचा जाणकार म्हणून नावाजला. मूनीचे परत जाणेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. बोट लागली म्हणून कुणी त्याला भित्रा ठरवून पुढे फरफटत नेले नाही. ज्या संस्थेत मुलाला परत फिरता येते ती भरतीची छावणी नसते. रॉबर्ट स्कॉट ज्या ‘डिस्कव्हरी’तून अंटार्क्टिकाला गेले, ते जहाज १९३७ पासून लंडनमध्ये सी स्काउटच्या ताब्यात होते आणि १९५४ पर्यंत टेम्सच्या काठाला त्यांची शाळा झाले होते. मुलींची वाटही याच काळात उघडली. गर्ल गाइडच्या सी रेंजर पथकांना १९२० मध्ये सुरुवात झाली, आणि पुढे राणी झालेली राजकन्या एलिझाबेथही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सी रेंजर होती. मुलांच्या स्काउट पथकांची दारे मुलींना पूर्ण उघडायला मात्र ब्रिटनला २००७ पर्यंत थांबावे लागले. एवढा उशीर का व्हावा याला चांगले उत्तर नाही, आणि चळवळीच्या चाहत्यांनी ते शोधतही बसू नये.

आता डंकर्क. १९४० च्या मे महिन्याच्या अखेरीस वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिकांना आणण्यासाठी जी छोटी गलबते खाडी ओलांडून गेली, त्यांत लंडनजवळच्या मॉर्टलेक पथकाची ‘मिनोटॉर’ होती. पथकाच्याच प्रमुखाने ती नेली. ‘टायटॅनिक’वरून बचावलेले अधिकारी चार्ल्स लायटोलर आपली ‘सनडाउनर’ ही खासगी नौका घेऊन गेले तेव्हा बरोबर त्यांचा मुलगा आणि जेराल्ड ॲशक्रॉफ्ट नावाचा अठरा वर्षांचा सी स्काउट होता. त्या एका नौकेने सुमारे १३० माणसे परत आणली. ही गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावा. पण ती पथकाच्या इतिहासात कुठे बसते हे नीट पाहिले पाहिजे. बोलावणे येताच ‘मिनोटॉर’ निघू शकली, कारण त्याआधीची कित्येक वर्षे कुणीतरी तिचे यंत्र चालू ठेवले होते, तळ खरवडून रंगवला होता, नांगराचे दोर बदलले होते. हे काम वर्तमानपत्रात येत नाही. बोटघरात हिवाळ्याच्या शनिवारी होडी उपडी घालून वार्निश लावणारे पालक, जुने सामान विकून शिडासाठी पैसे उभे करणारी समिती, निवृत्त झाल्यावरही भरतीचे वेळापत्रक समजावायला येणारा म्हातारा खलाशी, ही पथकाची खरी सेना. सरकारी खाते जहाज देऊ शकते, पण दर आठवड्याला त्या जहाजाची काळजी वाहणारी माणसे देऊ शकत नाही. ती किनाऱ्यावरच्या वस्तीतूनच यावी लागतात. म्हणून ज्या गावाने पथक टिकवले, त्या गावाचा इतिहास पथकाच्या हजेरीपटात सापडतो: कुणाची मुले आली, कुणाच्या होडीवर शिकली, कोण परत येऊन शिकवू लागले.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूचा आहे आणि तो अधिक टोचणारा आहे. ही सगळी साम्राज्याची देणगी, ती आपण का गोंजारावी? भारतात स्काउट पथके १९०९ पासून निघाली ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होते. म्हणून ॲनी बेझंट यांना १९१६ मध्ये मद्रासला भारतीय मुलांची वेगळी संघटना काढावी लागली, आणि पाठोपाठ मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांच्या सेवा समितीची पथके उत्तरेत उभी राहिली. १९३७ च्या भेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांनी इथे संतापाची लाट उठली. हे सगळे खरे आहे, आणि यातले काही पुसायची गरज नाही. पण आपल्या त्या पिढीने त्यावर काय केले तेही पाहावे. तिने पद्धत उचलली, मालकी नाकारली. टोळी, गाठी, शिबिर, सेवा हे सगळे घेतले आणि राजनिष्ठेच्या जागी देशसेवा ठेवली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये वेगवेगळे प्रवाह एकत्र येऊन भारत स्काउट्‌स अँड गाइड्‌स ही संघटना झाली आणि तिच्यात सी स्काउटची शाखाही आहे. कराचीत १९३८ मध्ये गोकलदास आहुजा यांनी सी स्काउट म्हणून लावलेले रोप फाळणीनंतर मुंबईत रुजले. आजचा सी कॅडेट कोअर त्यातूनच वाढला, आणि कुलाब्यातल्या ‘जवाहर’ या त्याच्या केंद्रात मुंबईची मुले-मुली वल्हे धरायला शिकली. एखादी गोष्ट कुणी आणली यापेक्षा ती कुणी आपलीशी केली, हा निकष इथे न्यायाचा आहे.

तिसरा आक्षेप कोकणातून येईल. कोळ्याच्या पोराला स्काउट कशाला शिकवता? तो चालायला लागतो तेव्हापासून होडीत असतो; नाखव्याचा डोळा कोणत्या पुस्तकातून येणार? या आक्षेपात जो अभिमान आहे तो रास्त आहे. उधाण आणि भांग, वाऱ्याची फिरती कूस, पाण्याच्या रंगावरून तळाचा अंदाज, हे ज्ञान कोणत्याही परवान्याहून जुने आणि सखोल आहे. पण त्याच्या दोन मर्यादा होत्या. ते जातीच्या आणि धंद्याच्या कुंपणात राहिले, आणि होडीवरचे ज्ञान बहुतेक मुलग्यांकडेच गेले. कोळणीने बाजार सांभाळला, सुकाणू तिच्या हाती क्वचितच आले. शिवाय आता ते कुंपणाच्या आतही आटते आहे. यांत्रिक बोटींवर बाहेरगावचे खलाशी आहेत, कोळीवाड्यातली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर पडली आहेत, आणि बापाकडून मुलाकडे जाणारा धागा अनेक घरांत तुटतो आहे. अशा वेळी पथकाचे काम नाखव्याची जागा घेण्याचे नाही. नाखव्याला शिक्षकाचा मान आणि त्याच्या मुलांपलीकडचे विद्यार्थी मिळवून देणे, हे ते काम आहे. वॉलवर्थच्या गल्लीतल्या मुलांना जे हवे होते, ते आज पुण्याच्या, नाशिकच्याच नव्हे, रत्नागिरी-अलिबागच्या कित्येक मुलांनाही हवे आहे.

आणि हवे आहे म्हणजे किती हवे आहे, हे आपल्या किनाऱ्याने वारंवार सांगितले आहे. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. जी वाचली त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली होडी उलटली आणि तीन मुली गेल्या. तिथेही स्थानिक मच्छीमारच आधी धावले. प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगळी आहेत आणि एखादे पथक असते तर अमुक इतके वाचले असते, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण या घटनांत एक आकृती पुन्हा पुन्हा दिसते: पाणी ओळखणारे वाचवायला येतात आणि पाणी न ओळखणारे बुडतात, आणि हे दोघे एकाच राज्याचे, एकाच पिढीचे असतात. अपघातानंतर आपले ठरलेले उत्तर म्हणजे बंदी. किनाऱ्यावर फलक लागतात, सहली रद्द होतात, मुलांना सांगितले जाते की लांब राहा. बंदी तातडीचा उपाय म्हणून कधी कधी हवीच असते. मात्र तिने भीती वाढते, ज्ञान वाढत नाही. घाबरलेले मूल पुढे मोठे होते, मित्रांबरोबर पुन्हा त्याच किनाऱ्यावर येते, आणि ओहोटीची ओढ कुठल्या बाजूला आहे हे त्याला तेव्हाही ठाऊक नसते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. अशी पथके फार थोड्यांना पुरतील. होड्या महाग, जाणकार माणसे कमी, पावसाळ्याचे चार महिने तर पाण्यावर जाताच येत नाही. संख्या लहान राहील हे खरे. स्काउट चळवळीच्या जन्मभूमीतही सी स्काउट नेहमीच अल्पसंख्य होते. पण सुरुवात होडीने करावी लागत नाही. पोहणे, दोराच्या गाठी, भरतीचे कोष्टक वाचणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, बुडणाऱ्याला पाण्यात न उतरता दोर किंवा फळी देऊन कसे ओढायचे, हे पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात आणि गावच्या विहिरीवर शिकवता येते. होडी नंतर येते, आणि तेव्हाही एखाद्या संस्थेची जुनी होडी दुरुस्त करण्यातच निम्मे शिक्षण होते. ज्याने फुटलेली फळी स्वतः बदलली आहे तो ती होडी खडकावर घालत नाही. खरी अडचण पैशाची नाही. दर आठवड्याला, वर्षानुवर्षे, दुसऱ्यांच्या मुलांसाठी वेळ देणारी चार माणसे एका गावात मिळण्याची आहे. मॉर्टलेकला ती मिळाली, कुलाब्याला मिळाली. हर्णै, देवगड, वसई, मालवण इथे ती नाहीत असे मी मानायला तयार नाही.

सी स्काउटच्या इतिहासाकडे वळणाऱ्या वाचकाला माझी एवढीच विनंती आहे की त्याने दोन रकाने मनात ठेवून वाचावे. एका रकान्यात मुलांनी काय केले ते, दुसऱ्यात त्याआधी मोठ्यांनी काय करून ठेवले होते ते. जिथे दुसरा रकाना भरलेला आहे तिथे पहिल्यात अभिमानाने सांगावे असे काही ना काही सापडते. जिथे दुसरा रकाना रिकामा किंवा अर्धवट आहे, तिथे मुलांच्या धाडसाने ती उणीव भरून निघालेली नाही, आणि नन्हेडची नऊ नावे त्याची साक्ष आहेत. मुलांना समुद्र द्यावा की देऊ नये हा प्रश्न या इतिहासाने माझ्यापुरता निकालात काढला आहे: द्यावा. द्यायच्या आधी आपण काय शिकलो, किती वेळ काढला, कोणाला परवानगी नाकारण्याइतके कठोर झालो, हे प्रश्न मात्र प्रत्येक किनाऱ्यावर, प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावे लागतात. त्यांची उत्तरे द्यायला आपल्याकडे ज्ञान आहे आणि ते देणारी माणसेही आहेत. त्यांना एकत्र बसवणारी, दर शनिवारी कुलूप उघडणारी, मुलांची हजेरी घेणारी व्यवस्था आपल्या बहुतेक किनारी गावांत अजून उभी करायची आहे, आणि ते काम सरकारची वाट न पाहता सुरू करता येण्यासारखे आहे.